दोराचे दोन वेढे

प्रिय राजकुमार,

तुझा फोन चार वेळा वाजला आणि चारही वेळा मी तो उचलला नाही. उचलला असता, तर ‘ताई, मीटिंगमध्ये आहे’ म्हणून तू मधेच सुटला असतास. म्हणून लिहिते आहे.

धरणावरचा तुझा नवा उतार पाहून आले. डोंगे पाण्यात सोडायला सिमेंटचा गुळगुळीत रस्ता, वर गाडे उभे करायला पिवळ्या रेघा मारलेली जागा, पाटीवर तुझ्या कंपनीचं नाव. मोजमाप तू सप्टेंबरात घेतलंस, धरण काठोकाठ भरलेलं असताना. तास-दीड तास काठावर होतास. तांडा तिथून हाकेच्या अंतरावर, पण चहालाही आला नाहीस. आता मे आहे. तुझं सिमेंट संपतं तिथे हातभर उंच कड आहे, आणि पाणी तिथून साठ पावलं लांब. मधे गुडघाभर चिखल. हे तुला कुणी सांगायला हवं होतं? याच काठावर वाढलास ना तू?

बाचा गाडा आठवतो? मोडक्या बैलबंडीची आस, जुन्या जीपची चाकं, वर डोंगा. पाणी मागे हटलं की दर आठ दिवसांनी बा चिखलावरची टायरच्या पट्ट्यांची वाट पुढे सरकवायचा. मग काठावरच्या बाभळीला दोराचे दोन वेढे घालून एकटा माणूस अख्खा गाडा अलगद पाण्यात सोडायचा. तीन वेढे घातले तर दोर अडतो, एकच घातला तर हात सोलतात. कॉलेजात काड्यापेटीच्या काड्यांचा डोंगा करून तू हेच दाखवलंस आणि टाळ्या घेतल्यास. डोंगा ठेवायचीही बाची युक्ती होती. अंगणात चार खांबांवर उलटा. त्यात पाणी साठत नसे, आणि खालच्या सावलीत आपल्या दोघांना जवळ निजवून याडी नि शेजारची धनीबाई दुपारभर कशिदा काढत बसत.

तुझ्या नकाशात ती बाभूळ ‘अडथळा’ निघाली. तोडली. तिथे आता फिरायला येणाऱ्यांच्या मोटारी उभ्या राहतात.

बा पहिल्यांदा तुझ्या उतारावरून डोंगा सोडायला निघाला, त्या सकाळी खेमसिंगकाका त्याला म्हणाला होता, “रूपसिंग, दोर घे गा. झाड नाही त काय झालं, खुंट ठोकू.” बा हसला. “आमच्या राजूनं काढला हाये तो उतार. इंजिनेराच्या रस्त्याले दोर कायले?” आणि दोर घरच्या खुंटीला टांगून गेला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

गाडा सुटला. बा त्याला धरून मागे फरफटत गेला. कडेवर गाडा उलटला आणि डोंगा नि आस यांच्यामध्ये त्याचा उजवा हात सापडला. दोन बोटं गेली. अकरा दिवस आम्ही यवतमाळच्या दवाखान्यात होतो. बाला ताप आहे एवढंच तुला कळवलं, तेही त्याच्याच हट्टामुळे. काका आल्यागेल्याला ऐकवतो, “पोट्टा इंजिनेर झाला, पन उन्हाळ्यात पानी कुठं जाते ते इसरला!” बा त्याच्यावर भडकतो. तुझ्यावर एकदाही भडकला नाही. त्याच्या वाटचा रागही मलाच येतो आहे.

काल तुझ्या कंपनीचा माणूस एक कागद घेऊन आला. ‘उतार सोयीचा आहे, आमची तक्रार नाही’, खाली डोंगेवाल्यांच्या सह्या हव्यात. दुसऱ्या कुणीही केली नाही. बाने केली. म्हणाला, “राजूचं काम अडाले नको.” तो माणूस निघाला तेव्हा मी त्याच्या हातातून कागद काढून घेतला. या पत्रासोबत जोडला आहे. सही वाकडीतिकडी आहे, म्हणून खोटी समजू नकोस. बाचीच आहे, डाव्या हाताची.

आता तूच ठरव. हा कागद साहेबापुढे ठेव, नाहीतर फाडून टाक आणि इकडे ये. उताराच्या माथ्यावर खुंट ठोक, कडेखाली पाण्यापर्यंत टायरची वाट टाक. नकाशात बसत नसेल तर नकाशा बदल. आज सकाळी बाने खुंटीवरचा दोर काढून धुवून वाळत घातला आहे. दोन वेढे त्याला अजून घालता येतात. पण दोर धरून ठेवायला आता दुसरा माणूस लागतो.

तुझीच, अजून रागावलेली,
वर्षाताई