तीन तिरके टाके

प्रिय धाकट्या,

तुझा निरोप मिळाला. "ताई, तो पहिला जोड कपाटातच आहे ना? रविवारी वीस वर्षांच्या सोहळ्यात काचेच्या पेटीत ठेवायचाय." वीस वर्षांत बास्केटबॉलच्या त्या बुटाची वीस मॉडेलं काढलीत, आणि पहिल्याची आठवण आत्ता झाली.

तुझ्या कंपनीने छापलेला बुटाचा इतिहासही वाचला. पान बारावर तू कॉफी पिता पिता कागदी रुमालावर तीन तिरक्या रेघा ओढतोस, आणि त्या म्हणे खेळाडूच्या झेपेची खूण. कॉफीने तुला पित्त होतं, हे निदान मला तरी माहीत आहे.

बास्केटबॉल खेळणारा लंबू बाबांच्या बूट शिवायच्या दुकानात लंगडत आला, तेव्हा त्याला संघातही कुणी घेत नव्हतं. डावा घोटा बाहेर वळायचा. बाबांनी बुटाच्या आतून चामड्याची पट्टी लावली आणि तीन तिरक्या टाक्यांनी पक्की केली. फक्त डाव्या बुटाला. कापणी माझी, टाके त्यांचे. तू दारातच नाक दाबून उभा होतास. पुढे लंबू गाजला, कंपनीने त्याच्या नावाचा बूट काढायचं ठरवलं. तू तो जोड चार दिवस नेलास आणि दोन्ही बुटांवर रेघा असलेलं चित्र घेऊन आलास. उजव्याला कशाला, असं बाबांनी विचारलं. "जाऊ द्या बाबा, ब्रँडिंग तुम्हाला नाही कळायचं." त्यांनी जोड उचलून कपाटात ठेवला, आणि जाईपर्यंत पुन्हा बाहेर काढला नाही. पुस्तकात त्यांचं नाव नाही. "आमच्या घरी कुणाला डिझाइनचा गंध नव्हता," एवढं मात्र आहे.

तू कामाला कधी बसलाच नाहीस, म्हणून एक गोष्ट तुला ठाऊक नाही. नव्या घडणीच्या पहिल्या जोडात बाबा आतल्या मऊ तळाखाली शिसपेन्सिलीने पायाचा दोष, तारीख आणि स्वतःचं नाव लिहायचे.

जोड तुला मिळणार नाही. तो मी लंबूच्या हातात दिलाय. त्याने तळ उचलला आणि वाचलं. रविवारी भर मंचावर, कॅमेऱ्यांसमोर, तो तळ पुन्हा उचलणार आहे. त्याआधी भाषण तुझं. रुमाल काढायचा की बाबांचं नाव घ्यायचं, तुझं तू बघ. तुला वाचवायला हे लिहीत नाही. मला कुणी सांगितलंच नाही, असं म्हणायची सोय तुला उरू नये, म्हणून लिहिते. मी पहिल्या रांगेत असेन. चष्म्याचा नंबरही बदलून घेतलाय.

तुझीच,
ताई