डब्यातल्या गावातलं नववं घर

३ एप्रिल
माझी खाट खिडकीपासून कुणी हलवली, ते आधी सांगा. खुशाली मग विचारा. पिशोरहून आले, पाय धुऊन खोलीत जाते तर माझ्या खिडकीपाशी काळा डबा. नातीचा कॉम्प्युटर, त्याला गार हवा लागती म्हणं. मला लागत नाय का?
बाकी पुंडलिकनगरातलं घर झ्याक. नळाला आठवड्यानं पाणी, पण गच्चीवर ऊन बख्खळ. कुरडयांचा गहू भिजत घातला. लेक सुदर्शन अन् सून सकाळीच ड्युटीला जातात. नात संस्कृती इंजिनिअरिंगला. तिनं ही वही दिली. ती लायब्ररीत गेली की मी डब्यावर नजर ठेवायची, दिवा लाल झाला की वेळ लिहायची. चौथी शिकलेल्या बाईला नोकरी लागली.

५ एप्रिल
डब्यात गाव येणार आहे, खेळातलं. संस्कृती अन् तिच्या सात मैतरांनी सहा वर्षं खपून बांधलेलं. आठ जणांची आठ घरं. ज्यानं त्यानं आपल्या घरी बसायचं अन् त्या एकाच गावात खेळायचं. आजवर ते कुठल्याशा कंपनीच्या मशीनवर होतं. ती बंद होतीय, म्हणून अख्खं गाव उचलून इकडं.
मी म्हटलं, बिऱ्हाड हलवताय अन् हाक नाय द्यायची? आमच्यात घर सोडताना थोरलं माणूस तांदूळ टाकतं, एकेकाचं नाव घेऊन 'चला' म्हणतं. नाव घेतलं तेवढेच येतात. संस्कृती खिदळली, म्हणाली, मग दे की आज्जे. तिच्या मैतरांची खेळातली इंग्रजी नावं माझ्या जिभेवर कुठली यायला! मूठभर तांदूळ टाकले अन् म्हटलं, जे कुणी असाल ते सगळे चला.
खोलीत आम्ही दोघीच.

७ एप्रिल
गाव आलं. दिवा हिरवा. हर्सूलचा साकिब, संस्कृतीचा जुना मैतर, फोनवर म्हणाला, दादी, आपका हाथ लगा, गेम मस्त भाग रहा. गोडबोल्या मेला. मग त्यानं संस्कृतीला विचारलं, तळ्याकाठी नववं घर का बांधलंस? ती म्हणाली, तूच बांधलंस. दोघं हमरीतुमरीवर आले.
मी बघितलं ते घर. दार आहे. खिडकी एक नाय.

९ एप्रिल
दुपारी अडीच, दिवा लाल. पडद्यावर अक्षरं उमटली. लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं.
आज्जीनं बोलावलं, आलो.
संस्कृतीनं माझ्याकडं पाहिलं. तांदळाचं आम्ही कुणालाच सांगितलं नव्हतं. मग साकिबचं नाव आलं. खेळातलं नाय, घरचं. त्यानं तिकडून लिहिलं, हाँ, कोण?
त्याचं खेळातलं बाहुलं चालत नवव्या घराच्या दारात गेलं.

१० एप्रिल
साकिबच्या आईचा, हसीनाचा फोन. पोरगं कालपासून पलंगावर बसलंय. डोळे उघडे, तोंडातून शब्द नाय. डॉक्टरला कळंना. त्याचा कॉम्प्युटर तिनं कालच बंद केलाय.
इथं पडद्यावर त्याचं बाहुलं दारात उभं. हात हलवतंय.

११ एप्रिल
मी म्हटलं, वायर उपट. संस्कृती डब्याला आडवी झाली. बंद केलं अन् साकिब आतच राहिला तर?
वायरीकडं नेलेला हात मी मागं घेतला.

१२ एप्रिल
आता संस्कृतीचं नाव. तीनदा आलं. साकिबला बाहेर काढायला 'ओ' लिहिते म्हणती. तिचे हात धरून ठेवले.

१३ एप्रिल
स्वयंपाकघरात होतो दोघी. खोलीतून हाक आली. संस्कृती, इकडं ये गं.
आवाज माझा. 'गं' ओढायची खोड माझी. अन् मी तर इथं — पोरीनं ओ द्यायला तोंड उघडलं, मी हात दाबला तिच्या तोंडावर —

१३, चार वाजता
संस्कृती, न्हाणीतून निघालीस की आधी हे वाच. लिहितेय, कारण माझ्या आवाजाचा आता भरवसा नाय. वहीतलं तेवढं माझं.
पुन्हा बोलावतंय तुला. मी डब्यापुढं बसलेय. तुझ्या जागी ओ देऊन आत गेले की साकिबला बाहेर ढकलते. हसीनाचा फोन आला, पोरगं बोललं म्हणाली, की वायर उपट. मी आत असले तरी उपट. रडत बसू नको.
मीच बोलावलं त्याला. नाव तुझं घेतलं तरी तू गप राहायचं. माझ्या आवाजात आलं तरी गप. ओ मीच द्यायची, तू नाय, फक्त मी —