मेला कवा?

अब्बा, तुमचं नाटक परत लागलं. घरात आपण आपली बोली बोलायचो, पण नाटकाचा विषय निघाला की तुम्ही मराठीत शिरायचात, तेही पुस्तकी मराठीत, जणू दारात कुणी मोठा पाहुणा उभा आहे. म्हणून हे मराठीतच लिहिते. नाटक लागलं म्हणजे कुणी मागितलं म्हणून लागलं नाही. लोकांना हसायचं होतं म्हणून लागलं.

'संगीत रात्रीची मोट'. भुताचं संगीत नाटक. माणसाला घाबरवायचं, घाबरलेल्याला गाणं ऐकवायचं, आणि गाणं आवडत असताना भीतीही उतरू द्यायची नाही. दौंडच्या यार्डात डब्यांचे ब्रेक दुरुस्त करणाऱ्या फिटरनं हे गावच्या जत्रेत करायला घेतलं. लोक त्याला हिंमत म्हणाले असते, पडलं नसतं तर. मला ती तेव्हाही हिंमत वाटली नाही. अंदाज चुकलेला वाटला. कल्पना मात्र चांगली होती, हे नाकारत नाही. थोरला भाऊ जमिनीच्या वाट्यासाठी धाकट्याला विहिरीत ढकलतो. त्यानंतर रोज रात्री विहिरीवरची मोट आपोआप चालते, मेलेला धाकटा मोटेची गाणी म्हणतो, आणि सकाळी थोरल्याचं रान भिजलेलं असतं. भूत सूड घेत नाही, नुसतं पाणी देतं. पीक वाढत जातं आणि त्या पिकालाच भिऊन थोरला वेडा होतो. एवढं सुचणाऱ्या माणसानं त्यात इतकी गाणी का घालावीत, हे मला आजही कळत नाही.

रेल्वे क्वार्टरमधलं स्वयंपाकघर आठवतं. अम्मी भाकरी थापतेय. तुम्ही ओट्याशी उभे आहात, ओटा म्हणजे विहिरीचा काठ. अम्मी हात पिठात ठेवून थोरल्या भावाचं वाक्य म्हणते, गॅस संपत आलाय हे सांगावं तशा सपाट आवाजात: "खाली बघ, पाणी किती वर आलंय." तुम्ही वाकता. माझ्या एका हातात टॉर्च, तुमच्या तोंडावर धरलेला. दुसऱ्या हातात वरवंटा, आणि समोर पाण्यानं भरलेलं तांब्याचं घंगाळ. मी टॉर्च बंद करते आणि त्याच क्षणी वरवंटा सोडते. पाणी अम्मीच्या तव्यापर्यंत उडतं. तुम्ही चिडता. पाण्यावरून नाही. "आधी उजेड जातो. मग पाणी वाजतं. मधे माणूस पडत असतो. त्याला पडायला वेळ नको का?" एवढ्या रागानं तुम्ही मला कधी अभ्यासावरून बोलला नाहीत. रात्री जेवणानंतर तो टॉर्च मला देऊन टाकलात, समजूत काढायला. मी तो उघडून त्याचा स्विच बाहेर काढला. पुढं डिप्लोमाला इलेक्ट्रिकल का घेतलं असं कुणी विचारलं तर मी मार्कांचं कारण सांगते.

गावात नाटकातली कामं अभिनयावर मिळत नसत, मानावर मिळत. जत्रेत ज्या घराची काठी पुढं, त्या घराला सगळ्यात मोठं काम. धाकट्याला गाणी सगळ्यात जास्त, म्हणून ते काम गेलं मानाच्या घरातल्या मुलाला. महिनाभर तालमी झाल्या. प्रयोगाच्या दिवशी सकाळी त्याची आई मांडवात आली. मी पडद्याच्या दोऱ्यांपाशी बसले होते, ऐकलं. ती म्हणाली, "मास्तर, देवाच्या जत्रंत माझा ल्योक मरायचा न्हाई. सोंग असलं तरी न्हाई." तुम्ही मास्तर नव्हतात, पण नाटकवाल्याला गाव मास्तरच म्हणायचं. तुम्ही हात जोडून म्हणालात, "बरोबर आहे, माई." झालं. मरणाचा सीन गेला. त्या जागी तुम्ही एक वाक्य घातलंत: धाकटा काशीला गेला.

आपल्याला त्या गावात पिढ्या झाल्या होत्या, पण मानाच्या घरांत आपलं घर नव्हतं. तुम्ही नाही म्हणू शकत नव्हतात, हे मला समजतं. समजल्यामुळं माझ्या मनातली तुच्छता कमी होत नाही, एवढंच.

दुसऱ्या अंकात भूत आलं. माईनं पांढरे कपडेही घालू दिले नव्हते, त्यामुळं भुताच्या डोक्यावर रेशमी फेटा, मनगटावर घड्याळ. त्यानं विहिरीच्या काठावर उभं राहून तान घेतली. मागून कुणीतरी ओरडलं, "आरं, मेला कवा ह्यो?" दुसरा म्हणाला, "मेला न्हाई, काशीला गेलाय!" तिसरा म्हणाला, "मग हितं कशाला बोंबलतोय? तिकीट न्हाई मिळालं व्हय?" तुम्ही विंगेत पेटीवर होतात. तुम्ही वाजवत राहिलात. तिसऱ्या गाण्याला अर्धं गाव उठून तमाशाच्या कनातीकडे गेलं.

मग ते तालुक्याचं वाक्य झालं. शिरूरच्या स्टँडवर एसटी बंद पडली की "मेली कवा?" तळेगावच्या बाजारात शिळी मेथी दिसली की "मेली कवा?" ते दौंडला यार्डातही पोचलं. तुमच्यासमोर कुणी म्हणालं की तुम्ही हसायचात. ते हसू मला नाटकापेक्षा वाईट वाटायचं. एकदा, फक्त एकदा, सांगता आलं असतं की सीन लिहिला होता, कुणी काढायला लावला ते. तुम्ही गेलात तोवर सांगितलं नाहीत. मय्यतीला आलेल्यांतही दोघं कोपऱ्यात तोंडावर रुमाल धरून उभे होते आणि ते रडत नव्हते.

आता पुढचं. मी रांजणगावला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. तिथं एक सांस्कृतिक मंडळ आहे आणि त्या मंडळाला एक ऑफिसर आहे. कॉलेजात त्याला एकांकिकेत उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं होतं, ते त्याच्या चालण्यात अजून दिसतं. तो माझ्या पॅनेलरूममध्ये आला आणि म्हणाला, "मॅडम, तुमच्या वडिलांचं नाटक म्हणजे लेजंड आहे. एवढं पडलेलं नाटक पुणे जिल्ह्यात दुसरं नाही. आपण ते आहे तसंच करू. फेटा, घड्याळ, सगळं. आणि त्याच गावात."

"धाकटा मरणार का?" मी विचारलं.

"छे! तीच तर गंमत आहे."

मी सांगितलं की परवानगी अम्मीची लागेल, आणि अम्मीनं ते माझ्यावर सोपवलंय. माझी अट एकच. धाकटा सगळ्यांसमोर मरेल. त्यातलं एक वाक्य गळालं तरी नाटक होणार नाही, आणि लाईट मी करीन. तो म्हणाला, "मग विनोद कुठं राहिला?" मी म्हटलं, "तुम्ही आहात ना." त्याला ते कौतुक वाटलं.

कामं वाटायला पहिली शिफ्ट सुटल्यावर कॅन्टीनमध्ये बसलो. भूत व्हायला सगळे तयार. मरायला कुणी नाही. एकाची बायको बाळंतपणाला गेली होती. एकाचं नुकतंच लग्न ठरलं होतं. एक म्हणाला, "मॅडम, आमची आई टीव्हीवर कुनी मराय लागलं तरी च्यानल बदलती." एका सुपरवायझरनं मार्ग काढला: "मी मरतो, पन आत. विंगंत मेलो तर कुनाला दिसनार हाय?" ही पोरं रोज हायवेवर उसाच्या दोन ट्रॅक्टरांमधून बिनहेल्मेटची गाडी काढतात. त्यांना कागदी विहिरीत पडायची भीती वाटत होती. मी चहा संपवला आणि म्हटलं, मग नाटक नाही.

त्या आठवड्यात आप्पा आले. मानाच्या घरातले तेच, फेटा आणि घड्याळवाले. आता पोट सुटलंय, कारखान्याला बसगाड्या पुरवतात, आणि नाटकासाठी ठरवलेला मांडव, जनरेटर त्यांचाच होता. ऑफिसर उठून उभा राहिला. सगळ्यांना वाटलं आडवे यायला आलेत.

"धाकटा मी करनार," आप्पा म्हणाले.

"आप्पा, थोरल्याचं काम करणारा सत्तावीस वर्षांचा आहे," ऑफिसर म्हणाला.

"मग त्याला मिश्या लावा."

"नाही, पण ह्यात… धाकटा मरतो."

"ठावं हाय. तवा आई व्हती. आता आई न्हाई. आता मला मराय कुनाची आडकाठी हाय?" मग माझ्याकडं वळले. "पोरी, तुज्या बापानं माज्या आईचं नाव कुनापुढं काढलं न्हाई. म्या बी काढलं न्हाई. त्यो लोकांची बोलनी खात ऱ्हायला आन् म्या फेटा बांधून हिंडत ऱ्हायलो."

त्यांचे डोळे भरले होते. अशा वेळी समोरच्यानंही काहीतरी भरून आणावं अशी अपेक्षा असते. मी म्हटलं, "तालमीला वेळेवर या."

मरणाचा सीन मी आठवून लिहून काढला. एक वाक्य अडलं तेव्हा अम्मीला फोन केला. तिनं ते सांगितलं, त्याच सपाट आवाजात, आणि विचारलं, "हाथ धुवून बोलू का?" आप्पांना गाता येत नाही, तेव्हाही येत नव्हतं. मरताही येत नव्हतं. मागं टाकलेल्या गादीवर ते पलंगावर बसावं तसे पडायचे, आधी हातानं चाचपून. मी सांगितलं, मरणारा माणूस गादी बघत नाही. ते म्हणाले, "गुडघे बघत्यात, पोरी." थोरल्याचं काम करणारा मुलगा त्यांना इतक्या अदबीनं ढकलायचा की वाटावं विहिरीपर्यंत पोचवायला आलाय. ऑफिसर हे सगळं बघून खूश. त्याचा विनोद आपोआप तयार होत होता.

प्रयोग दिवेलागणीला लागला, जत्रेच्याच मैदानावर, जत्रा नसताना. आजूबाजूच्या गावांतून लोक आले होते, केंदूरहून एक जीप भरून. शेंगा, पोरंबाळं, अंगावर शाली. हसायला आलेली माणसं लगेच ओळखू येतात, ती नांदीलाच एकमेकांकडं बघतात. पन्नाशीच्या आप्पांनी सत्तावीस वर्षांच्या मुलाला "दादा" म्हटलं तेव्हा मैदान लोळलं. मला राग आला नाही. ते हास्यास्पदच होतं. मी मांडवाच्या मागच्या टोकाला दिव्यांच्या डिमरवर होते. शेजारी खुर्चीवर घंगाळ, दौंडहून बसमध्ये मांडीवर आणलेलं, आणि त्यासमोर माईक.

थोरला म्हणाला, "खाली बघ, पाणी किती वर आलंय." आप्पा वाकले. मी उजेड खाली आणायला सुरुवात केली, एकदम नाही, जनरेटर दमल्यासारखा. मुलानं हात पुढं केला. या वेळी अदब नव्हती, की मला दिसली नाही. पूर्ण अंधार झाला.

ऑफिसर कानाशी आला. "साउंड, मॅडम. साउंड!"

मी थांबले. शेंगा फोडायचा आवाज बंद झाला. एक मूल काहीतरी विचारायला लागलं, त्याच्या तोंडावर कुणीतरी हात ठेवला असावा. "साउंड!" ऑफिसर परत म्हणाला. मी वरवंटा धरून होते. माणूस पडत होता, अब्बा. त्याला वेळ लागत होता. मग मी सोडला. पाणी वाजलं, आणि मैदानातली कुणीतरी बाई "अगं आई" म्हणाली.

आणि त्या शांततेत पुढच्या बाजूनं ते वाक्य आलं. यायचंच होतं. कितीतरी वर्षं खिशात ठेवलेलं. "आरं, मेला कवा ह्यो?"

दोघंतिघं हसले. बाकीचे हसायला तोंड उघडत होते. तेवढ्यात अंधारातून कुणीतरी म्हणालं, "आत्ता मेला. गप ऱ्हा."

मैदान गप राहिलं. उजेड आला तेव्हा विहिरीच्या काठावर एकटा थोरला उभा होता आणि त्याला पुढचं वाक्य आठवत नव्हतं. त्यानं ते बरंच उशिरा म्हटलं, आणि ते चुकूनच बरोबर झालं.

आता खरं सांगते, तुम्हाला नाटकाबद्दल खोटं आवडायचं तरी. नाटक वाईट आहे. मरण परत घातलं तरी वाईटच आहे. दुसरा अंक संपता संपत नाही. मोटेचं तिसरं गाणं म्हणजे पहिलंच गाणं आहे, उलटं म्हटलेलं. थोरला वेडा होईपर्यंत निम्मे लोक जेवायला गेले होते, आणि आप्पांचा वरचा सूर लागला तेव्हा उरलेलेही चपला शोधायला लागले. म्हणजे तेव्हा सीन राहिला असता तरी तुमचं नाटक पडलंच असतं. फक्त ते तुमचं म्हणून पडलं असतं. अम्मीनं विचारलं कसं झालं, मी म्हटलं, पडला तो नीट. 

हा कागद मी कुठं टाकणार नाही. कबरीवर नेऊन ठेवण्याइतकी नाटकी मी नाही. ते खातं तुमचं. गावात अजून वाद चालू आहे की अंधारात बोललं कोण. आप्पांना वाटतं, त्यांची चुलती. ऑफिसर सगळ्यांना सांगतो की तो इफेक्ट त्यानं बसवला होता. मला विचारलं तर मी सांगते, मी डिमरवर होते, लक्ष नव्हतं.

घंगाळासमोरचा माईक बंद करायचा राहिला होता, अब्बा. आणि ते 'ऱ्हा' मी तुमच्या गावासारखंच म्हटलं.