साचे सांभाळायची खूण

बोरीवली, ४ मे १९८४

चि. अनुपमा हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि फोटो पोचले. एकाच कार्यक्रमात आधी पांढऱ्या झग्यांतला विलायती बॅले, मग कोळी नाच आणि शेवटी आमच्या गिरणीवरचा नाच. एका ताटात आइस्क्रीम, सुकट आणि आमटी. तिकडचे लोक पोटाने मजबूत दिसतात.

गिरणीचा फोटो सहदेवला दाखवला. छत्तीस वर्षं आम्ही दोघांनी साळखात्यात शेजारशेजारच्या साच्यांवर कापड विणलं, पण चालत्या साच्यापुढे तोंड वासून ओरडणारा कामगार काही आम्हाला दिसला नाही. त्या खडखडाटात ऐकणार कोण? आम्ही हातांनी बोलायचो. हा नाच बसवणाऱ्या तुमच्या विद्याधर सरांनी गिरणी बसच्या खिडकीतून पाहिली असावी.

संपाला सव्वादोन वर्षं झाली. फाटक आमच्यासाठी बंद झालं ते झालंच. त्यावर माझ्याच मुलीने परदेशात नाचून टाळ्या घ्याव्यात, हे मला पटत नाही. तुला नाचताना मी आजवर पाहिलं नाही आणि पाहणारही नाही. आई म्हणते, थंडीत कान बांध.

तब्येतीला जप, बाकी काय सांगणार.
अप्पा

मँचेस्टर, १५ मे १९८४

ती. अप्पांस शि. सा. न. वि. वि.

रागवा, पण उत्तर द्या. शेवटचा एकटीचा नाच माझा आहे. संपाचा दिवस, साचे थांबतात. सर म्हणतात, मूठ वर कर आणि ओरड. मला ते आधीच खोटं वाटायचं, तुमच्या पत्रानंतर तर करवतच नाही. हातांनी काय बोलायचात तुम्ही? घरात तुम्ही गिरणीचं नाव काढत नाही, म्हणून कधी विचारायचं धाडस झालं नाही.

आठ जुलैला बोरीवलीत शाळेच्या हॉलमध्ये हाच कार्यक्रम आहे. तुम्ही यावं, एवढीच इच्छा आहे. तुम्ही नसाल तर इथल्या टाळ्यांचं मी काय करू?

आईला नमस्कार. माझ्यावरची माया आटू देऊ नका.
अनुपमा

बोरीवली, २७ मे १९८४

चि. अनुपमा हिस आशीर्वाद.

यायचं नाव काढू नकोस. विचारलंस म्हणून सांगतो. चहाला जायचं तर अंगठा ओठाकडे. जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, आला की मिशीला पीळ. आमच्या जॉबरला मिशी नव्हती, तरीही. आणि जरा बाहेर जायचं असलं की आधी छातीला हात लावायचा, मग तो साच्यांकडे न्यायचा. म्हणजे, माझे साचे सांभाळ. शेजाऱ्याने मान हलवली की निघायचं. मान हलल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही.

संपाच्या दिवशी ती खूण कोणी कोणाला केली नाही. सगळेच निघालो होतो, सांगणार कोणाला? ते मला अजून लागून राहिलंय.

तुमच्या सरांना यातलं काही कळायचं नाही. त्यांना मुठी पुरेत.

वेळेवर जेवत जा.
अप्पा

मँचेस्टर, ११ जून १९८४

ती. अप्पांस शि. सा. न. वि. वि.

काल जवळच्या एका गावात प्रयोग झाला. शेवटी मी मूठ उगारली नाही. छातीला हात लावला, साच्यांकडे नेला आणि तशीच उभी राहिले. सर पडद्याआडून दात ओठ खात होते. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी माझ्याकडे बघून सावकाश मान हलवली. तेव्हा मी निघाले.

नंतर त्या आत भेटायला आल्या. तीस वर्षं त्यांनीही साचे चालवले होते, आणि त्यांचीही गिरणी बंद पडली. त्याही ओठांनी आणि हातांनीच बोलायच्या. ही खूण त्यांच्यात नव्हती, पण कोणीतरी मान हलवायला हवी, एवढं त्यांना कळलं. माझा हात धरून त्या रडल्या. मीही रडले.

सर अजून बोलत नाहीत. आठ तारखेचं पुन्हा विचारते आहे.

लोभ आहेच, तो आता जवळ बसून दाखवा.
अनुपमा

बोरीवली, २० जून १९८४

चि. अनुपमा हिस आशीर्वाद.

परक्या मुलखातल्या म्हातारीला कळलं ते तुमच्या सरांना कळलं नाही, याचं मला नवल वाटलं नाही. पत्र सहदेवला वाचून दाखवत होतो, शेवटी त्यालाच वाचावं लागलं.

आठ तारखेला मी येतो. पहिल्या रांगेत मला बसवू नका. शेवटची खुर्ची ठेव. काय काय चुकतंय ते तिथून हातांनीच सांगेन. पांढऱ्या झग्यांच्या वेळी मी बाहेर चहा पीत असेन.

शेवटची खूण मात्र माझ्याकडे बघून कर. मी मान हलवल्याशिवाय निघू नकोस.

तुझा
अप्पा