कोऱ्या चहाची वाटणी

गोविंदा, हा कागद घडी करून खिशात ठेवू नकोस. तुझ्या खिशात गेलेली वस्तू पुन्हा निघत नाही. मागच्या महिन्यात माझ्या डोळ्यांत टाकायचं औषध आणायला जळगाव जामोदला गेलास आणि डझनभर केळी घेऊन आलास. वर मलाच म्हणालास, "माय, तू केळीच सांगतली होती ना?" म्हणून सगळं लिहवून ठेवते आहे. विसरलास तर परत वाच. परत विसरलास तर अर्पिताला विचार.

मी, जनकाबाई शेषराव उमाळे, वय अंदाजे अठ्ठ्याहत्तर (आधार कार्डावरची पहिली जानेवारी सरकारने दिली आहे, माझ्या आईने नव्हे), धंदा पूर्वी चहाचे हॉटेल व हल्ली हुकूम सोडणे, राहणार सोनाळा, तालुका संग्रामपूर, जिल्हा बुलढाणा, आज डोकं ठिकाणावर असताना, कोणी धाक घातलेला नसताना आणि सकाळचे दोन कप चहा पोटात असताना हे मृत्युपत्र सांगते. मला अक्षर येत नाही. लिहिते आहे माझी नात अर्पिता, गोविंदाची मुलगी, जी अकोल्याला वकिली शिकते. तिला बजावलं आहे की घर-वावराच्या कलमांना हवी तेवढी इस्त्री कर, माणसांच्या बोलण्याला करू नको. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. कोणी दाखवलंच, तर ते त्याच्या डोक्यातून निघालेलं समजावं.

कलम १. सोनाळा गावठाणातील माझ्या नावाचे राहते घर आणि शिवारातील संत्र्याची बाग माझे दोन मुलगे, थोरला गोविंदा आणि धाकटा देवानंद, यांना समसमान मिळावी. देवानंद इथे नसतो म्हणून त्याचा हिस्सा पडीक समजू नये. त्याच्या बाजूच्या खोलीत गोविंदाने साखरेची पोती ठेवली आहेत. ती काढावीत. खोली झाडून ठेवावी. कारण पुढे येईल.

कलम २. स्टँडवरचे हॉटेल गोविंदा चालवतो, ते त्याचेच. तुझ्या बापाची किटली आणि सांडशीही तुलाच. सांडशीचा एक दांडा सैल आहे. शेषरावांना तशीच लागायची, ठोकून घट्ट करू नकोस. फक्त तू हल्ली वापरतोस ती काळी भुकटी बंद कर. परवा मी चिमूटभर थंड पाण्यात टाकली आणि पाणी लगेच लाल झालं. खरी पत्ती थंड पाण्यात इतक्या घाईने रंग सोडत नाही, तिला ऊन पाणी लागतं. तुझ्या बापाने गिऱ्हाइकाला उधार पाजला, पण रंगवलेला नाही पाजला.

कलम ३. माझं मोठं पितळी पातेलं शेजारीण शालूबाईकडे आहे. तिच्या मुलीच्या लग्नाला नेलं होतं, त्या मुलीची मुलगी आता कॉलेजात आहे. ते तिच्याकडेच राहू द्यावं, असं मी सांगत होते. अर्पिता म्हणाली, "आजी, शालूआजी साक्षीदार आहे. साक्षीदाराले मृत्युपत्रातून काही देता येत नाही." तर मग परत आणून द्यावं.

कलम ४. हे कलम मिळकतीचं नाही. अर्पिताने पेन खाली ठेवला होता, मी उचलायला लावला.

देवानंद संत्र्याच्या ट्रकवर क्लीनर म्हणून आसामला गेला आणि तिथल्या एका चहाच्या बागेत, कारखान्यातली मशीनं दुरुस्त करायला राहिला. तिथेच त्याने राखीशी लग्न केलं. तिची आई आणि आजी त्या बागेत पानं तोडायच्या, ती स्वतः पत्ती निवडायच्या खोलीत कामाला होती. लग्नानंतर तो तिला पहिल्यांदा घरी घेऊन आला. मी ओवाळलं. सगळे भाऊबंद ओसरीवर बसले होते. राखीला वाटलं, या घरासाठी आपल्या हाताने काही करावं. तिने पेटीतून पुडी काढली. तिच्या बागेचं सगळ्यात चांगलं पान होतं ते, लांब वळलेलं, टोकाला सोनेरी. त्याचा चहा तिने बिनदुधाचा केला. तिकडे चांगल्या पानावर दूध घालणं म्हणजे नव्या लुगड्यावर गोणपाट पांघरणं.

आता आपल्याकडची रीत तिला कोण सांगणार? आपल्याकडे कोरा चहा मसणातून परत आल्यावर देतात, एरवी नाही. ती ट्रे घेऊन ओसरीवर आली. कोणी हात पुढे करेना. गोविंदा, तू कप उचललास आणि म्हणालास, "काऊन वो, कोन मेलं आमच्या घरी?" आणि अंगणात ओतलास.

तिला आपली भाषा येत नव्हती. ओतलेला कप मात्र कळला.

मी माझा कप सगळ्यांदेखत संपवला आणि दुसरा मागितला. तिने मला हळूच विचारलं, "माँ, खराब है क्या?" मी म्हटलं, "बहुत अच्छा है, बेटी." तिने मान हलवली, पण डोळे अंगणाकडे होते. सकाळच्या गाडीने दोघं गेले. तेव्हापासून देवानंदला सुट्टी मिळालेली नाही. फोन केला की म्हणतो, "माय, सीझन आहे." कसला सीझन आहे बाबा, जो पोरगी सहावीत गेली तरी संपत नाही? माझी नात डिंपल मी मोबाइलवर पाहिली आहे. ती फोन इतका जवळ धरते की मला तिचं अर्धं कपाळच दिसतं. कपाळ शेषरावांचं आहे.

कलम ५. चहाचे डबे. राखी आली नाही, पण आखाडीच्या सुमाराला तिचं पार्सल दरवर्षी येतं. देवानंद दुरुस्तीला वेगवेगळ्या बागांत जातो, तिथली पत्ती ती जमवते. निलगिरीची एका ओळखीच्या फिटरकडून मागवते. मला अक्षर येत नाही हे तिला कळल्यापासून ती प्रत्येक पुडीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधते. दोऱ्यावरून मला बाग कळते.

पहिल्या वर्षी मी बोअरच्या पाण्यात सगळ्या पुड्या करून पाहिल्या आणि तिला फोनवर सांगितलं, तुमच्या सगळ्या बागा सारख्याच, काळ्या आणि मुक्या, वर साय धरल्यासारखा तवंग. ती रागावली नाही. म्हणाली, "माँ, पानी कौन सा?" आपला पट्टा खारपाणाचा, बोअरला पाणी खारट. आपल्याला त्या पाण्याची चव चव वाटत नाही, म्हणून दोष पानाला दिला. मग तिच्या सांगण्याप्रमाणे धरणाच्या नळाचं पाणी घेतलं, एकसारखे पांढरे कप मांडले, सगळ्यांत सारखी चिमूट टाकली आणि वर झाकण ठेवलं. तेव्हा कुठे एकेक बाग बोलायला लागली.

लाल दोरा : आसामच्या सखल बागेतला दाणा, म्हणजे दाणेदार पत्ती. कडक, विटकरी, कितीही दूध घाला, मान खाली घालत नाही. हा गोविंदाला, हॉटेलासाठी. त्यात पाचवा हिस्सा निलगिरी मिसळ. दाणा ताकद देतो, निलगिरी वास देते. शेषराव मिसळायचे तो मेळ हाच, आजवर कोणाला सांगितला नव्हता.

निळा दोरा : उत्तर बंगालातल्या डुआर्सच्या बागेचा. रंग देखणा, वास बेताचा. इस्त्रीचा सदरा घालून आलेल्या पाहुण्यासारखा, उठून गेला की काय बोलला ते आठवत नाही. हा गोविंदाच्या बायकोला, सूनबाई आशाबाईला. ती चहात आलं इतकं कुटून टाकते की बाग कोणती हे बागेच्या मालकालाही ओळखू येणार नाही. तिने रुसू नये. थंडीतापात मला तिचाच चहा लागतो.

पिवळा दोरा : निलगिरीचा. हलका, स्वच्छ, निवला तरी गढूळ होत नाही. हा अर्पिताला. ती पुस्तक उघडलं की कप विसरते आणि गार झाल्यावर पिते. (हे लिहिताना ती हसली.)

हिरवा दोरा : दार्जिलिंगच्या उंचावरच्या बागेतली पहिली तोड. फिकट, हिरव्या हरभऱ्याचे घाटे चुरडल्यासारखा वास. दुधाचा थेंब पडला की मरतो. मोठ्या घरची नाजूक सून. मला तिच्याबद्दल आदर आहे, माया लागली नाही. हा डबा वाटणीत नाही, मीच संपवणार आहे.

पांढरा दोरा : राखीच्या स्वतःच्या बागेचं पान, उन्हाळ्यातल्या दुसऱ्या तोडीचं. तिने त्या दिवशी केला होता तो चहा. त्याला शेतात हुरडा भाजतानाचा वास येतो, पहिलं कणीस विस्तवातून काढून हातावर चोळताना येतो ना, अगदी तो. मागून जिभेवर गोडवा राहतो. बाकीच्या बागा मी तोलते, मापते, नावं ठेवते. या पानापाशी माझं माप चालत नाही. दरवर्षी ही पुडी मी राखून ठेवते, की ते आले तर तिच्याच हातचा होईल. पण पत्ती माणसासारखी वाट पाहू शकत नाही, पाऊस गेला की तिचा वास उतरायला लागतो. मग दिवाळी झाली की एकटीच करून पिते. यंदाची अजून फोडलेली नाही. ही कोणालाही देत नाही. ही राखी आल्यावर फोडायची.

कलम ६. अर्पिता म्हणाली, "आजी, अट टाकता येते. देवानंदकाकाले आणल्याशिवाय बाबाले घर नाही, असं लिहू?" मी नको म्हटलं. घरासाठी आणलेला भाऊ हा भाऊ नसतो, सातबारा असतो. घरातला गोविंदाचा हिस्सा बिनअट आहे.

मी फक्त सांगते आहे. सुनेला आणायला घरातलं माणूस जातं, ही आपलीच रीत. राखीला आणायला आजवर कोणी गेलं नाही. गोविंदा, तू जा. गाडीत बस, तिच्या क्वार्टरवर जा. भाषण करू नकोस, तुला येत नाही. खाली बस आणि म्हण, "राखी, कोरा चहा दे." तिच्यासमोर शेवटच्या थेंबापर्यंत पी. मग म्हण, "मायनं बोलावलं."

अर्पिता म्हणते, मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. गेल्यावर मला काय ऐकू येणार आहे? अकोल्याच्या डॉक्टरांनी माझ्या छातीला नळी लावून जे तोंड केलं, ते मला वाचता आलं. तर हे उद्याच वाचावं.

एवढं लिहून होतं तोच गोविंदा हॉटेलातून आमच्यासाठी चहा घेऊन आला.

"काय लिहून राह्यल्या वो आजी-नाती?"

"तुझी केळी," मी म्हटलं. "बस. अर्पिता, वाच त्याले चौथं अन् सहावं."

तिने वाचलं. तो उभाच होता. वाचून झाल्यावर त्याने किटलीतून आमचे कप भरले.

"ते येतीन काय पण, माय?"

"तू जाशीन तं येतीन."

"अन् तिनं दारातच उभं ठेवलं तं?"

"तं उभ्यानं पेजो."

त्याने रिकामे कप गोळा केले आणि गेला. हो म्हणाला नाही. नाहीही म्हणाला नाही, हे ठळक लिहावं.

कलम ७. मी गेल्यावर मसणातून परत आलेल्यांना हॉटेलचा लाल दोऱ्याचा दाणा उकळून द्यावा. पांढऱ्या दोऱ्याचं पान त्या चहात टाकू नये. ते हसून प्यायचं पान आहे.

कलम ८. या सगळ्याची अंमलबजावणी अर्पिताने करावी. ती बापाला भीत नाही.

वरील मजकूर मला दोनदा वाचून दाखवला. दुसऱ्यांदा मी तीन ठिकाणी थांबवून दुरुस्त करवला. तो माझाच आहे, म्हणून खाली डाव्या हाताचा अंगठा.

जनकाबाई शेषराव उमाळे यांचा अंगठा

साक्षीदार : आम्ही दोघे हजर होतो. जनकाबाईंनी आमच्यासमोर अंगठा केला आणि आम्ही त्यांच्यासमोर सह्या केल्या.
१. शालूबाई देविदास तायडे, रा. सोनाळा (पातेलं उद्या आणून देते)
२. अर्जुनराव बापूराव वानखडे, निवृत्त शिक्षक, रा. सोनाळा

ठिकाण : सोनाळा
दिनांक : ९ नोव्हेंबर २०२५

ता. क. अंगठ्याची शाई पुसताना आठवलं. अर्पिता म्हणते सहीखालचं धरत नाहीत. तरी लिहावं, घरच्यांनी धरावं.

माझी बातमी तिकडे फोनवर जाईल. त्या दिवशी राखी चूल पेटवणार नाही, देवानंदने तिला आपलं सगळं सांगितलेलं आहे. इथे तुम्हाला शेजारी पिठलं-भाकरी आणून देतील. तिकडे त्या क्वार्टरमध्ये त्यांना कोण आणून देणार? म्हणून बाजरीच्या खारोड्या पाठवाव्यात, यंदा मी गच्चीवर वाळवल्या त्या, पत्र्याच्या डब्यात घट्ट झाकण लावून, सोबत भाजलेले शेंगदाणे. त्यांना विस्तव लागत नाही, तशाच खाता येतात. डिंपलसाठी कमी तिखटाच्या वेगळ्या बांधाव्यात. गोविंदा निघाला तर त्याच्या हाती द्याव्यात, नाही तर पोस्टाने. पण मी आहे तोवर पाठवाव्यात. आणि पोरीने त्या दिवसाची वाट न पाहता आधीच खाऊन टाकल्या, तर आणखी पाठवाव्यात.