उद्या म्हणण्याचा हक्क

त्या सकाळी मी चुलीतली राख काढली, दारातला बर्फ लोटला, तळ्याच्या काठाशी बर्फाला कुऱ्हाडीने भोक पाडून दोन बादल्या पाणी आणलं. हे उंबऱ्यात बसून काठ्यांना लाल चिंध्या बांधत होते. चाळीस काठ्या. तळं गोठलं की पलीकडच्या बाजाराला जायची भरवशाची वाट या काठ्यांनी आखायची, हे यांचं काम. मी विचारलं, "आज लावणार ना?" हे म्हणाले, "उद्या बघू. बर्फ अजून आवाज करतोय."

पुढचं पुढे येईल. आधी कागदाची रीत. मी, नावाड्याची विधवा, वय एकाहत्तर, गुडघे सोडून बाकी शाबूत, डोकं ठिकाणावर. कुणी भरीस घातलेलं नाही. याआधी असा कागद केलेला नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखं काही नाही.

घर लेकीला. ती शहरात असते, इथे राहणार नाही, हे मला माहीत आहे. विकलं तरी माझी हरकत नाही. मी नवी नवरी आले तेव्हा सात घरं होती, आता सत्तरच्या वर झाली, गिऱ्हाईक मिळेल. अट एकच. तळ्याकडच्या दाराला हिवाळ्यात कडी लावायची नाही. पलीकडून गारठून येणाऱ्याला पहिलं दार आपलंच लागतं.

पुस्तकं शाळेतल्या बाईंना. वारा अडवायला भिंतींना वर्तमानपत्रं चिकटवली होती, त्यांवरून मी अक्षरं शिकले. निम्म्या बातम्यांचे शेवट मागच्या पानावर, आणि ते पान भिंतीकडे तोंड करून. म्हणून पुढे पुस्तकं घेतली. बाईंनी ती कुलपात ठेवू नयेत.

होडी धाकट्या दिरांना. बावीस वर्षं मी त्यांच्याशी बोलले नाही, हे गावाला ठाऊक आहे. कारण आम्हा दोघांनाच. त्या सकाळी ते ओढगाडी घेऊन दारात उभे राहिले. "वहिनी, सांगा ना दादाला! पीठ संपलंय, लोक खोळंबलेत. दादा म्हातारा झाला की काय?" मी यांच्याकडे वळून म्हणाले, "तुम्हाला भीती वाटते म्हणून सगळ्या गावाने उपाशी बसायचं का?" हे उठले. हातमोजे अजून ओले होते, तेच घातले. एकविसावी काठी लावताना बर्फ फुटला.

तिसऱ्या दिवशी दीर म्हणाले, "वहिनी, पाठवलंत तुम्हीच." खरं होतं, म्हणूनच अबोला. भाऊजी, विस्तव तुम्ही आणलात, फुंकर मी घातली. आता कागदावर आहे, विषय संपला. तुम्हाला पाणी कळतं, बर्फ कळत नाही, म्हणून होडी. बूड गळतं, डांबर लावून घ्या.

पहार बेकरीवालीला. ही यांचीच, फुटलेल्या जागेशेजारी बर्फावर पडलेली मिळाली. आजवर वाट मी आखली, यापुढे पाय चालणार नाहीत. बेकरीवालीला गावात येऊन चारच वर्षं झाली, म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी खुशाल मुरडावीत. मागच्या हिवाळ्यात ती टोपली घेऊन निघाली आणि बर्फाचा आवाज ऐकून अर्ध्यातून परत आली. दुकानाच्या ओट्यावरचे हसले. "काय गं, पाव विसरलीस?" ती म्हणाली, "पाव आहेत. जीव आठवला." चारचौघांत असं परत फिरणारं माणूस मी फार वर्षं शोधत होते.

पक्का रस्ता येणार, असं ऐकून कान किटले. येईपर्यंत काठ्या लागतील. म्हणून पहारेबरोबर एक हक्क देते, 'उद्या' म्हणण्याचा. ती उद्या म्हणाली की गावाने कारण विचारू नये आणि तिच्या घरच्यांना मध्ये घालू नये. ज्याला घाई असेल त्याने पहिली काठी स्वतः लावावी.

बँकेत आहे त्यातून माझं शेवटचं उरकावं, उरेल ते लेकीचं.

लिहून देणार: नावाड्याची बायको (सही)
साक्षीदार: पोस्टमन (सही), दवाखान्यातली नर्स (सही)
स्थळ: राहतं घर, तळ्याकडची खोली
तारीख: नऊ नोव्हेंबर, पाणी अजून मोकळं

खाली जागा उरली आहे. पोस्टमन म्हणतात, "काकू, कोरी सोडू नका, कुणी काहीही घुसडेल." तर लिहिते.

हे गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बर्फाचा आवाज थांबला होता. मी पहार मारून पाहिली, बर्फ वीतभर जाड होता. उरलेल्या एकोणीस काठ्या मी लावल्या.