पाच ट्रॅक्टर, दहा जोड्या

५ जानेवारी, सकाळी ६
संकल्प. वीस दिवसांत अ‍ॅनिमेशन पूर्ण करणे. रथसप्तमीला आमच्या कॉम्प्युटर क्लासचा समारोप. पाच जणींपैकी एकीचंच काम सभागृहातल्या मोठ्या पडद्यावर दाखवणार. माझं, हे उघड आहे. सांगलीत एकतीस वर्षं गणित शिकवलं. क्लासमधली शरयू त्याच शाळेत चित्रकला शिकवायची. बाकी काय बोलायचं?
विषय: उसाचे पाच ट्रॅक्टर पाच दिशांनी कारखान्याच्या फाटकाशी येतात. भिडले की थांबतात.

८ जानेवारी
थांबत नाहीत. एकातून दुसरा आरपार. क्लासमध्ये आम्हाला शिकवणारी ऋचा (शाळेत माझीच विद्यार्थिनी, वर्गमुळात कच्ची) म्हणाली, बाई, कॉम्प्युटरला धडक दिसत नाही, क्षणोक्षणी अंतर मोजायला सांगावं लागतं. मला माहीत होतं. तिला संधी दिली.
प्रत्येक ट्रॅक्टरभोवती वर्तुळ धरलं. दोन केंद्रांमधलं अंतर त्रिज्यांच्या बेरजेहून कमी झालं की धडक. दोन ट्रॅक्टर थांबले. आता तीनच राहिले.

१२ जानेवारी
शरयूने नुसते रंगीत गोल केलेत. त्यांना साड्यांचे काठसुद्धा काढलेत. सगळ्या म्हणाल्या, किती गोड! गोडाचा आणि गणिताचा संबंध काय?
संकल्प: चिडायचं नाही. तशी चिडलेली नाहीच.

१४ जानेवारी
संक्रांत. क्लासमध्ये तिळगूळ. मी तिघींना दिला. शरयू माझ्याकडे यायला लागली तेव्हा प्रिंटरमध्ये कागद घालायचा होता. अर्धा तास लागला. टाळलं असं मुळीच नाही.

१७ जानेवारी
युक्ती सापडली. पहिल्या ट्रॅक्टरने फक्त दुसऱ्याकडे बघायचं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. प्रार्थनेच्या रांगेसारखं. चार जोड्यांत काम संपलं. शरयूचा प्रत्येक गोल बाकीच्या सगळ्यांना तपासतो. दहा जोड्या! उधळपट्टी.
ऋचाने विचारलं, बाई, ट्रॅक्टर पाच दिशांनी येतात, मग रांग कुठली? म्हटलं, रांग लावली की लागते.

२१ जानेवारी
शरयूने आपली रीत समजावली. हळदीकुंकवासारखं, म्हणे. पहिली उरलेल्या चौघींना भेटते, दुसरी पुढच्या तिघींना. आधी भेटलेल्यांना पुन्हा कुंकू नाही. चार, तीन, दोन, एक. टाळ्या.
अगं, हे हस्तांदोलनाचं उदाहरण! दरवर्षी नववीला मीच फळ्यावर सोडवायचे! मी आता ते वापरणार नाही. तिचं उष्टं झालं.

२४ जानेवारी
सर्वांसमोर चाचणी. पहिला आणि तिसरा फाटकाशी आले. क्लासमधल्या उंब्रजच्या सुलाबाई मोठ्यांदा म्हणाल्या, आवं बाई, ह्यो त्याच्या पोटातनं गेला की! लय भारी डायवर हाय, ऊसबी सांडला न्हाई! सगळ्या हसल्या. शरयू हसली नाही. तेच जास्त लागलं.
पडदा जुना आहे.

२५ जानेवारी, रथसप्तमी
शरयूचं दाखवलं.
पाच गोल, क्लासमधल्या आम्ही पाच जणी. प्रत्येकीवर नाव. भेटतात, तिळगूळ देतात, आपापल्या वाटेने जातात. पहिल्या गोलावर माझं नाव. काठ माझ्या निळ्या इरकलीचा.
माइकवर म्हणाली, माझा चित्रकलेचा वर्ग बाईंच्या वर्गाला लागून होता. एकतीस वर्षं भिंतीतून गणित ऐकलं, तेच वापरलं.
टाळ्या. काही जण माझ्याकडे वळून वाजवत होते. कुठे बघावं कळेना.
कार्यक्रम संपल्यावर तिळगुळाचा डबा घेऊन आली. म्हणाली, दहा जोड्यांतल्या नऊ संक्रांतीला झाल्या. एक राहिलीय.
सभागृहात प्रिंटर नव्हता.
घेतला.